इम्प्लांटची कॅप पुन्हा पुन्हा सैल होते: स्क्रू आवळण्याआधी काय तपासायचं

इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा खांब, आणि कॅप म्हणजे त्यावर छोट्या स्क्रूने धरलेला कृत्रिम दात. ही कॅप हलायला लागते, दवाखान्यात स्क्रू आवळून मिळतो आणि दोन-चार महिन्यांत ती पुन्हा हलते. एकदा असं झालं तर फार घाबरायचं कारण नाही, नवा स्क्रू सुरुवातीला थोडा सैलावतो. दुसऱ्यांदा झालं की मात्र दोष एकट्या स्क्रूचा राहत नाही. कॅपची रुंदी, उंची, ब्रिजची (एकमेकांना जोडलेल्या अनेक कॅपची) लांबी किंवा चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते) यांपैकी काहीतरी त्या स्क्रूला रोज वाकवत असतं, आणि तोच जोर खाली जबड्याच्या हाडापर्यंत पोचत असतो.

घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घातली तर पुढे वायरिंग जळतं. इथेही तसंच आहे. सैल होणारा स्क्रू फ्यूजचं काम करतो. दर वेळी तो आणखी जोरात आवळत गेलं तर पुढची पाळी स्क्रू तुटण्याची किंवा इम्प्लांटचं तोंड फाटण्याची येते, आणि या दोन्हींची दुरुस्ती कितीतरी पटींनी अवघड आहे.

खालच्या तपासण्या सोलापूरचे रुग्ण आणि दवाखाने डोळ्यांसमोर ठेवून, फुकटपासून महागाकडे लावल्या आहेत. पहिल्या चार रुग्णाने घरीच करायच्या. पुढच्या दंतवैद्याच्या खुर्चीत होतात, पण त्या रुग्णालाही समजलेल्या बऱ्या, म्हणजे "परत आवळून द्या" एवढंच म्हणून तो परत येत नाही.

लक्षणं

स्क्रू सैल असेल तर साधारण हे दिसतं:

- जिभेने किंवा बोटाने ढकललं की कॅपला किंचित झोल जाणवतो, पण दुखत नाही. कधी कॅप जागच्या जागी थोडी गोल फिरते.
- चावताना बारीक टिक् आवाज येतो.
- पूर्वी अडकत नव्हता तिथे घास अडकायला लागतो.
- त्याच जागी वाईट चव किंवा वास येतो. कॅप आणि इम्प्लांट यांच्यातल्या सैल सांध्यात प्रत्येक घासाला लाळ आत-बाहेर होत राहते आणि आत सडते.
- कॅपभोवतीची हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं, कधी बारीक पुळी येते.
- पोर्सिलिनचा टवका उडतो किंवा समोरची दाढ ठणकते.
- लांब ब्रिज असेल तर एका टोकाला चावलं की दुसरं टोक उचलल्यासारखं वाटतं.

वेगळी आणि गंभीर लक्षणं अशी: दाबलं की खोल दुखणं, पू, गालावर सूज, ताप, खालच्या ओठाला बधिरपणा. यांतलं एकही असेल तर पुढची यादी वाचत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

१. नेमकं काय हलतंय

आरसा, टॉर्च आणि धुतलेलं बोट पुरे. कॅप हलताना हिरडीच्या कडेशी झोल दिसतो आणि दुखत नाही, तर बहुधा स्क्रू सैल आहे. कॅपसकट सगळंच हलतं, हिरडीही सोबत हलते आणि दाबल्यावर आत दुखतं, तर खुद्द इम्प्लांट हाडातून सुटलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर इथेच थांबा. अशा इम्प्लांटचा स्क्रू आवळायचा प्रयत्न म्हणजे सुटलेला खांब पिळणं.

तिसरी शक्यता सिमेंटची. काही कॅप स्क्रूने बसवतात, काही सिमेंटने चिकटवतात. कॅप अख्खी हातात आली, आतून पोकळ आहे आणि तोंडात धातूचा किंवा पांढरा खुंट घट्ट उभा आहे, तर सिमेंट सुटलंय. स्क्रू ठीक असू शकतो. ती कॅप डबीत ठेवून घेऊन जा. फेविक्विकसारख्या गोंदाने घरी चिकटवू नका. तिरकी बसली तर कापूनच काढावी लागते.

झोल असलेल्या कॅपने दाखवेपर्यंत चावू नका. स्क्रू घट्ट असतो तेव्हा चावण्याचा जोर सांध्याच्या पृष्ठभागावर जातो. सैल झाला की तो थेट स्क्रूच्या बारीक दांड्यावर येतो, आणि दांडा प्रत्येक घासाला थोडा वाकून सरळ होतो. एखादी तार मागे-पुढे वाकवत राहिलं की तुटते, त्यातलाच हा प्रकार.

२. काय खाता आणि कशाने तोडता

सोलापुरात हा प्रश्न कडक भाकरीपासूनच सुरू होतो. तिचा तुकडा पुढच्या दातांनी तोडताना दातावर खाली दाब कमी आणि बाहेरच्या दिशेने रेटा जास्त पडतो. पुढच्या इम्प्लांटला सरळ दाब सोसतो, हा आडवा रेटा सोसत नाही. भाकरी हाताने मोडून आमटीत कुस्करली आणि दाढेने चावली तर तीच भाकरी निरुपद्रवी आहे.

यापेक्षा वाईट सवयी दुसऱ्या आहेत. ऊस दातांनी सोलणं, सुपारी फोडणं, मटणाचं हाड चावणं, बाटलीचं झाकण उघडणं, शिलाईकाम करणाऱ्यांनी दोरा दातांनी तोडणं. दोरा क्षुल्लक वाटतो, पण दिवसभरात शंभरदा तोच आडवा झटका त्याच दाताला बसतो.

हे सांगायचं कारण म्हणजे इम्प्लांटला आपल्या दातासारखी जाणीव नसते. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते. सरळ दाब आला की दात २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दबतो आणि मेंदूला लगेच कळतं. इम्प्लांट थेट हाडाला जुळलेला असतो, तो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतो. दोन नैसर्गिक दातांमध्ये २० मायक्रॉनच्या आसपास जाडीची पन्नी आली तरी कळते. इम्प्लांटवर ती दुपटीहून जाड असावी लागते. म्हणजे चावा जास्त लागतोय हे रुग्णाला कळायच्या आधीच स्क्रूला आणि हाडाला कळलेलं असतं.

तरी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रोजचं जेवण जेवून कॅप सैल होत असेल तर दोष जेवणाचा नाही. नीट रचलेली कॅप भाकरी, चिवडा, शेंगदाणे सगळं सोसते. "कडक भाकरी सोडा" एवढंच सांगून रुग्णाला घरी पाठवणं म्हणजे रचनेतली चूक तशीच ठेवणं.

३. रात्री दात खाणं

सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, कानशिलं दुखतात, दातांचे शेंडे सपाट झालेत, शेजारी झोपणाऱ्याला करकर ऐकू येते: यांतलं काही असेल तर सांगा. झोपेत दात खाताना जोर आडवा पडतो, बराच वेळ टिकतो, आणि तो आवरायला जाग नसते. अशा तोंडात बाकी सगळं बरोबर असूनही स्क्रू सुटतो.

उपाय म्हणजे कडक अॅक्रिलिकचा नाइट गार्ड, साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा, मापावर बनवलेला. इम्प्लांटच्या जागी तो आतून किंचित मोकळा ठेवतात, म्हणजे भार बाकीच्या दातांवर जातो. मऊ रबरी गार्ड स्वस्त मिळतो, पण पुष्कळ जण तो रात्रभर चघळत बसतात.

४. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, हे माहीत आहे का

सोलापूरची माणसं नोकरी-मुलांमुळे पुण्यात किंवा हैदराबादला इम्प्लांट करून घेतात आणि सैल झाला की गावातल्या दवाखान्यात येतात. तिथे पहिला अडथळा ठरलेला असतो: कंपनी माहीत नाही. प्रत्येक सिस्टिमचा (कंपनीच्या मॉडेलचा) स्क्रू, आटे आणि तो फिरवायचा ड्रायव्हर वेगळे. जवळपास बसणारा ड्रायव्हर लावला की स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि पाच मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

मूळ दवाखान्याला फोन करून हे लिहून घ्या: कंपनी आणि मॉडेल, इम्प्लांटचा व्यास आणि लांबी, अबटमेंटचा (इम्प्लांट आणि कॅप यांच्यामधल्या खुंटाचा) प्रकार, कॅप स्क्रूची की सिमेंटची, बसवल्याची तारीख, किती टॉर्क (स्क्रू आवळण्याचा मोजून दिलेला जोर) दिला. इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतो, त्याचा फोटो मिळाला तर सगळ्यात उत्तम. नव्याने इम्प्लांट करून घेणाऱ्यांनी हा फोटो पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

५. छोटा एक्सरे

इथून पुढे दंतवैद्याचं काम. तोंडात ठेवून काढतात तो छोटा एक्सरे हवा. पूर्ण जबड्याच्या मोठ्या एक्सरेमध्ये सांध्यातली बारीक फट दिसत नाही. किरण इम्प्लांटच्या अक्षाला काटकोनात पडला पाहिजे. खूण सोपी आहे: दोन्ही बाजूंचे आटे धारदार दिसले तर एक्सरे बरोबर. आटे पुसट असतील तर फट असूनही लपते, तो एक्सरे पुन्हा काढा.

दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, इम्प्लांट आणि अबटमेंट यांच्यामध्ये काळी रेघ आहे का. दुसरी, हाडाची पातळी कुठल्या आट्यापर्यंत आहे. बसवल्यानंतर पहिल्या वर्षात १ ते १.५ मिलिमीटर आणि नंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरपर्यंत हाड खाली जाणं ही जुनी, रूढ मर्यादा आहे. जुना एक्सरे शेजारी ठेवून आटे मोजा, दोन आट्यांमधलं अंतर कंपनीच्या माहितीत मिळतं. हाड त्याहून वेगाने उतरलं असेल, किंवा इम्प्लांटभोवती बशीसारखा खड्डा दिसत असेल, तर प्रश्न स्क्रूच्या पलीकडे गेला. साध्या दवाखान्याने इथे थांबून हिरडीतज्ज्ञाकडे पाठवावं.

निव्वळ जास्त जोराने, हिरडी निरोगी असताना, किती हाड झिजतं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र सैल सांधा, त्यात साठणारे जंतू, सुजलेली हिरडी आणि वरून चुकीचा जोर हे एकत्र आले की हाड टिकत नाही. त्यात मावा, बिडी, सिगारेट किंवा आवाक्याबाहेरची साखर असेल तर आणखी लवकर जातं. साखर असलेल्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासूनच पुढच्या खर्चात पडावं.

६. स्क्रू बाहेर काढून पाहणं

आहे तिथेच आवळू नका, बाहेर काढा. कॅपच्या मधल्या छिद्रातलं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) काढायचं, खालची टेफ्लॉन पट्टी ओढून घ्यायची. कॅप सिमेंटची असेल तर आधीच्या फोटोंवरून छिद्राची जागा ठरवून मधोमध ड्रिल करावं लागतं. ड्रायव्हरला दातांचा फ्लॉस बांधा आणि घशाशी गॉज ठेवा. एवढासा ड्रायव्हर निसटून श्वासनलिकेत गेला तर बाकी सगळं बाजूला राहतं.

स्क्रू भिंगाखाली धरा. आटे चपटे झालेत, दांडा वाकडा आहे, कुठे बारीक चीर आहे, तर तो फेकून द्यायचा. वर वर चांगला दिसला तरी दुसऱ्यांदा सैल झालेला स्क्रू बदलावाच. वारंवार आवळल्याने आट्यांचा पृष्ठभाग बदलतो आणि तेवढ्याच टॉर्कला पकड कमी मिळते. नवा स्क्रू त्याच कंपनीचा हवा. "चालतंय" म्हणून लावलेला दुसरा स्क्रू हे वारंवार सैल होण्याचं हमखास कारण आहे.

आता कॅप परत बसवताना एक तपासणी जवळपास फुकट आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. शेजारच्या दातांशी संपर्क फ्लॉसने पाहा. फ्लॉस थोडा अडून टचकन खाली गेला पाहिजे. जातच नसेल किंवा फाटत असेल, तर कॅप शेजारच्या दातांवर लटकते आहे. मग स्क्रूची ताकद तिला खाली ओढण्यात खर्च होते, सांधा आवळण्यात नाही. काही दिवसांनी शेजारचे दात थोडे सरकतात आणि स्क्रू आपोआप सैल. संपर्क घासून बरोबर करायचा, पॉलिश करायचा, मग बसवायचं. सांध्यात हिरडीची कड चिमटली जात नाही ना तेही पाहा. चिमटली असेल तर आधी ती सोडवा.

टॉर्क कंपनी सांगेल तोच. अबटमेंटच्या स्क्रूला पुष्कळ सिस्टिममध्ये तो २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असतो. मल्टी-युनिटवरच्या (ब्रिजसाठी वापरतात त्या खास अबटमेंटवरच्या) छोट्या स्क्रूला साधारण १५. बोटांनी आवळलेला स्क्रू १० ते १५ च्या पुढे क्वचितच जातो, म्हणून टॉर्क रेंच नसेल तर हे काम हाती घेऊ नये. दिलेल्या टॉर्कपैकी ९० टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणात जातो, साधारण दहावा हिस्साच स्क्रूला ताणतो, आणि सांधा धरून ठेवतो तो हा ताण. आवळल्यावर पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे चेपतात आणि ताण थोडा उतरतो. म्हणून १० मिनिटं थांबून त्याच टॉर्कवर पुन्हा आवळायचं. या १० मिनिटांनी कितीतरी स्क्रू वाचतात. कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त टॉर्क मात्र देऊ नये, स्क्रू कायमचा ताणला जातो. रेंच ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) वर्षानुवर्षं तापून आकडा चुकवतो, तोही तपासून घ्या.

७. चावा

चावा कॅप घट्ट झाल्यावरच तपासायचा. सैल कॅप दाबाखाली सरकते आणि खोटं सांगते.

८ मायक्रॉनची शिमस्टॉक पन्नी आणि पातळ रंगीत कागद लागतो. दात कोरडे करा. रुग्णाला हलकेच मिटायला सांगा: शेजारच्या नैसर्गिक दातांमध्ये पन्नी धरली गेली पाहिजे आणि इम्प्लांटवरून ओढली की सुटून आली पाहिजे. मग जोरात चावायला सांगा: आता इम्प्लांटवरही पन्नी अडली पाहिजे. हलक्या चाव्यात नैसर्गिक दात अजून गादीत दबलेले नसतात. तेव्हाच इम्प्लांट भिडला तर जोरात चावताना सगळा भार त्यावर एकट्यावर येतो.

मग दुसऱ्या रंगाचा कागद घेऊन जबडा उजवीकडे, डावीकडे, पुढे सरकवायला सांगा. दाढेच्या इम्प्लांटवर या सरकण्याची खूण उमटायला नको, ते काम सुळ्याने आणि पुढच्या दातांनी करायचं. सरळ चाव्याची खूण कॅपच्या मधोमध, खालच्या इम्प्लांटच्या सरळ रेषेत पाहिजे. कडेच्या उंचवट्यावर ठळक ठिपका दिसला की स्क्रूला वाकवणारी तरफ सापडली.

कॅप झिर्कोनियाची (पांढऱ्या, फार कठीण सिरॅमिकची) असेल तर घासल्यावर झिर्कोनिया आरशासारखा पॉलिश करा. खडबडीत राहिला तर समोरचा दात झिजवतो.

सोलापूरसाठी एक खास सूचना. चाव्याचं माप मेणाच्या पट्टीवर घेऊन एप्रिल-मेमध्ये बाहेरगावच्या लॅबला पाठवू नका. चाळिशीच्या पुढच्या उन्हात, कुरिअरच्या गाडीत मेण मऊ पडतं आणि माप बदलतं. कॅप मग ठरलेल्यापेक्षा उंच येते. चाव्यासाठी सिलिकॉन वापरा.

८. कॅपचा आकार

चावा बरोबर करूनही स्क्रू सुटला तर आता कॅपच बदलावी लागण्याची शक्यता आहे. खर्च इथून वाढतो.

आधी रुंदी. दाढेचा इम्प्लांट ४ ते ५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि खरी दाढ १० मिलिमीटरच्या आसपास रुंद. हुबेहूब दाढ बनवली की कॅप चारही बाजूंनी खांबाबाहेर लटकते. त्या कडेवर घास आला की कॅप झुकते. म्हणून दाढेच्या कॅपचा चावण्याचा पृष्ठभाग गाल-जिभेच्या दिशेने साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी रुंद ठेवतात आणि उंचवटे उथळ. लॅबला हे लिहून द्यावं लागतं, नाहीतर तंत्रज्ञ सुंदर, भरदार दाढ करून पाठवतो. दिसायला ती छानच असते.

मग उंची. हाड झिजल्यावर इम्प्लांट खाली बसतो आणि कॅप लांब होते. आडवा जोर ५० न्यूटन धरला आणि सांध्यापासून कॅपची उंची ८ मिलिमीटर असली, तर वाकवणारा जोर ४० न्यूटन-सेंटिमीटर. उंची १४ मिलिमीटर झाली की तोच जोर ७०. (हा आकडा स्क्रू आवळण्याच्या टॉर्कशी तोलू नका, तिथे पिळणं आहे, इथे वाकवणं.) सरळ खाली पडणाऱ्या दाबाला या उंचीने फारसा फरक पडत नाही. म्हणून लांब कॅप असेल तर चावा मध्यावर आणि सपाट ठेवण्याला दुप्पट महत्त्व येतं. इम्प्लांट तिरका बसला असेल तर तिथेही हाच नियम.

हाडाचं गणितही असंच चालतं. हाड दाबाला चांगलं तोंड देतं, ताणाला कमी आणि एकमेकांवरून घसरवणाऱ्या जोराला सगळ्यात कमी. शिवाय इम्प्लांटचा धातू टायटॅनियम हाडाच्या कठीण कवचापेक्षा पाच ते आठपट ताठ आहे, म्हणून वाकवणारा जोर आला की ताण इम्प्लांटच्या लांबीवर सारखा न पसरता वरच्या कडेला, पहिल्या काही आट्यांभोवती गोळा होतो. एक्सरेमध्ये हाड तिथूनच उतरायला लागतं ते यामुळेच. जाड इम्प्लांटने हा ताण जेवढा कमी होतो तेवढा लांब इम्प्लांटने होत नाही.

झिर्कोनिया की मेटल-सिरॅमिक, हा प्रश्न रुग्ण सगळ्यात आधी विचारतात. जबड्यावरच्या ताणाच्या दृष्टीने तो दुय्यम आहे. कॅपचं मटेरियल बदलून हाडाला मिळणारा आराम किरकोळ. आकार, उंची आणि चाव्याची जागा बदलून मिळतो तो खरा.

९. ब्रिज: लटकणारा दात आणि न जुळणारी चौकट

एकट्या कॅपपेक्षा ब्रिजमध्ये चूक महागात पडते. सगळ्यात नेहमीची म्हणजे इम्प्लांटच्या पुढे अधांतरी लटकवलेला दात. समजा दोन इम्प्लांट १० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्या मागे १० मिलिमीटरचा दात लटकतो. त्याच्या टोकावर १०० न्यूटन जोर आला, तर जवळच्या इम्प्लांटवर २०० न्यूटनचा दाब येतो आणि लांबचा १०० न्यूटनने वर उचलला जातो. लटकतं टोक २० मिलिमीटर केलं की जवळच्यावर ३०० आणि लांबचा २०० ने वर. पाण्याच्या हापशासारखी तरफ आहे ही. म्हणूनच अशा ब्रिजमध्ये सैल सापडतो तो बहुधा लांबचा स्क्रू, आणि हाड उतरलेलं दिसतं जवळच्या इम्प्लांटला. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर एकच उपाय: लटकता दात छोटा करा किंवा काढून टाका, अन्यथा तिथे आणखी एक इम्प्लांट बसवा.

पूर्ण जबड्याच्या ब्रिजला मोजायचं अंतर म्हणजे सगळ्यात पुढच्या इम्प्लांटपासून सगळ्यात मागच्या दोन इम्प्लांटना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं. लटकता भाग त्याच्या दीडपटीच्या आत ठेवायचा ही जुनी मोजणी आहे. अंतर १० मिलिमीटर तर लटकता भाग जास्तीत जास्त १५. वरच्या जबड्यात हाड मऊ असतं, तिथे त्याहून आखूड.

दुसरी चूक चौकटीची. ब्रिजची चौकट (दातांना आतून जोडणारा सांगाडा) सगळ्या इम्प्लांटवर आपोआप, न ओढता बसली पाहिजे. तपासायला एकाच टोकाचा स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाला पाहा. तिथे चौकट उचलली, किंवा एक्सरेमध्ये फट दिसली, तर ती जुळत नाही. बाकीचे स्क्रू आवळून ती बसवली तर फट डोळ्यांना दिसेनाशी होते, पण ताण कायमचा आत अडकतो आणि इम्प्लांट हाडात हलत नसल्याने कधी सुटत नाही. आणखी एक खूण: स्क्रू पहिल्यांदा टेकल्यावर पूर्ण टॉर्कपर्यंत पोचायला अर्ध्या वळणापेक्षा जास्त लागायला नको.

धातूची चौकट कापून, तोंडातच पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) जोडून, लॅबकडून पुन्हा सोल्डर किंवा लेझर वेल्ड करून घेता येते. झिर्कोनियाला हा मार्ग नाही, नवं माप घेऊन नवीनच करावी लागते. नव्या मापाआधी रेझिनने जोडलेली तपासणी-पट्टी तोंडात बसवून पाहिली तर ही वेळ दुसऱ्यांदा येत नाही.

इम्प्लांट आणि नैसर्गिक दात एकाच ब्रिजमध्ये जोडणं शक्यतो टाळावं. एक दबतो, दुसरा दबत नाही. बराचसा भार इम्प्लांटवर जातो, आणि कधी नैसर्गिक दात हळूहळू खाली रुतत जातो.

१०. आराखडाच बदलणं

खालच्या जबड्यात एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत एकसंध ब्रिज असेल आणि तोंड मोठं उघडलं की ओढल्यासारखं होत असेल, तर हेही तपासा: तोंड उघडताना खालचा जबडा दोन्ही बाजूंनी किंचित आत वाकतो. एकसंध चौकट ते वाकू देत नाही. पुढे, मधोमध ब्रिजचे दोन भाग केले की हा ताण जातो.

त्यापुढचं म्हणजे इम्प्लांटची संख्या वाढवणं. एका मोठ्या दाढेच्या जागेत १४ मिलिमीटर किंवा अधिक अंतर असेल तर एकाऐवजी दोन बारीक इम्प्लांट बसू शकतात, मध्ये ३ आणि शेजारच्या दातापासून १.५ मिलिमीटर जागा सोडून. हे सगळं सीबीसीटी स्कॅनशिवाय (जबड्याच्या त्रिमितीय एक्सरेशिवाय) ठरवू नये.

कुठे थांबायचं

रुग्णाने: चौथ्या तपासणीपुढे स्वतः काहीही करू नये. ऑनलाइन ड्रायव्हर मागवून स्क्रू फिरवणं तर नाहीच.

साध्या दवाखान्याने: इम्प्लांट स्वतः हलतो, स्क्रू आत तुटला, कंपनी ओळखता येत नाही, हाडात खड्डा आहे, किंवा नवा स्क्रू योग्य टॉर्कने लावून आणि चावा दुरुस्त करूनही कॅप पुन्हा सैल झाली, तर थांबावं. तुटलेला स्क्रू बारीक टोकाने डावीकडे हळूहळू फिरवून कधी निघतो, पण ड्रिल लावलं आणि इम्प्लांटचे आतले आटे गेले की तो इम्प्लांटच गमावला जातो. एक-दोन हलके प्रयत्न पुरे.

कॅप, चावा आणि ब्रिजच्या रचनेसाठी प्रोस्थोडोंटिस्ट, हिरडी आणि हाडासाठी पेरिओडोंटिस्ट, इम्प्लांट काढायची वेळ आली तर ओरल सर्जन. तिघेही सोलापुरात आहेत, प्रत्येक वेळी पुण्याची गाडी पकडायची गरज नाही. जाताना जुने-नवे एक्सरे, स्टिकरचा फोटो, निघालेला जुना स्क्रू छोट्या डबीत, आणि कॅप किती वेळा, कोणत्या तारखांना सैल झाली याची चिठ्ठी सोबत न्या. त्या चिठ्ठीतल्या तारखांमधलं अंतर कमी होत चाललं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

दुरुस्तीनंतर एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी दाखवा. वर्षाच्या भेटीत छोटा एक्सरे काढून मागच्या एक्सरेशेजारी ठेवा, आणि पन्नीने चावा पुन्हा पाहा, कारण बाकीचे दात वर्षभरात झिजतात, सरकतात आणि इम्प्लांट मात्र जागचा हलत नाही.